बारा अंड्यांचं ऑम्लेट

शनिवार, रात्री उशिरा

कपाट आवरताना शाळेतली इतिहासाची वही सापडली. 'फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे लिहा.' कारण पहिले : विचारवंतांची शिकवण. खाली माँतेस्क्यू, व्हॉल्तेअर, रूसो अशी ओळीने नावं. पाचपैकी चार मार्क. पुस्तकं आली, लोकांनी वाचली, राजा गेला, इतकं सरळ!

व्हॉल्तेअर आणि रूसो दोघंही १७७८ साली गेले, बास्तीलचा तुरुंग पडायच्या अकरा वर्षं आधी. १७८९ मध्ये गावोगावच्या लोकांनी राजाकडे गाऱ्हाणी लिहून पाठवली. त्यांत रूसोचा 'सामाजिक करार' शोधायला गेलं तर मिठावरचा कर सापडतो, आणि उभं पीक टिपणारी जमीनदाराची कबुतरं. पॅरिसमध्ये तर पावाचेच वांधे झाले होते.

पण म्हणून विचारवंत अगदीच फुकट होते, असंही म्हणवत नाही. जानेवारी १७८९ मध्ये सियेस नावाच्या धर्मगुरूची एक पुस्तिका निघाली. तिसरा वर्ग (धर्मगुरू आणि उमराव सोडून बाकीची सगळी जनता) म्हणजे काय? सर्व काही. राज्यकारभारात आजवर त्याला काय स्थान होतं? काहीच नाही. त्याचं मागणं काय? काहीतरी व्हायचंय. मीठ, पाव, कबुतरं अशा सुट्या सुट्या रागांना यातून 'आम्ही' म्हणता आलं. जूनमध्ये या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला राष्ट्रसभा म्हणवून घेतलं, ते सियेसच्याच ठरावावर.

मला मात्र आज संध्याकाळपासून कोंदोर्से सोडत नाहीये. गणिती माणूस, जन्माने उमराव. १७९० मध्येच बायकांना नागरिकत्वाचे हक्क द्या म्हणून लिहिणारा. नव्या राज्यघटनेचा त्याचा मसुदा बाजूला पडला. जॅकोबिन या जहाल गटाच्या घटनेवर त्याने टीका केली आणि जुलै १७९३ मध्ये अटकेचा हुकूम निघाला. पॅरिसमध्ये एका विधवेच्या घरी तो आठ-नऊ महिने लपून राहिला आणि तिथे बसून त्याने लिहिलं काय, तर माणसाच्या बुद्धीच्या प्रगतीचा इतिहास! दहा टप्पे, शेवटचा येणाऱ्या काळाचा. बाहेर गिलोटिन चालू, आणि हा लिहितोय की पुढे सगळं चांगलं होणार आहे. याला वेडा म्हणावं की काय, मला ठरवता येत नाही.

मार्च १७९४ मध्ये तो घराबाहेर पडला. सांगतात ते असं : एका खाणावळीत त्याने ऑम्लेट मागितलं. किती अंड्यांचं, असं विचारल्यावर म्हणाला, बारा. कधी स्वतः अंडं न फोडलेला माणूस, लगेच संशय आला. दंतकथाही असेल. अटक मात्र खरी. दोन दिवसांत तो कोठडीत मेलेला आढळला.

१७९५ मध्ये त्याचं ते पुस्तक छापून निघालं. ज्या कन्व्हेन्शन नावाच्या सभेने त्याच्या अटकेचा हुकूम काढला होता, तिनेच त्याच्या ३,००० प्रती विकत घेतल्या. मेलेला विचारवंत परवडतो, बहुतेक. तो मध्येच उठून 'मला असं म्हणायचं नव्हतं' म्हणत नाही. १९८९ मध्ये पँथिऑनमध्ये, म्हणजे पॅरिसमधल्या थोरांच्या स्मारकात, त्याच्या नावाची शवपेटी ठेवली, तीही रिकामीच, कारण अवशेष कधीच हरवले होते.

आणि सियेस? गिलोटिनच्या त्या दहशतीच्या काळात काय केलंत, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणे उत्तर दिलं, 'जगलो.' पुढे नेपोलियनला सत्तेवर आणायला हातभार लावला आणि १८३६ मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी वारला.

दोघांपैकी मी कोण झालो असतो, हे स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आवडलं नाही. दिवा मालवतो.