निळी पूररेषा आणि गेरूच्या चार रेघा

नाशिक शहरातल्या एका आमदारांचा स्वीय सहायक म्हणून मी काम करतो. शहरात विधानसभेचे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन मतदारसंघ आहेत, आणि आमच्या वाट्याला गोदावरीचा काठ आलेला आहे. 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली, प्रशासकीय राजवट सुरू झाली, आणि एरवी नगरसेवकाच्या दारी जाणारी माणसे थेट आमच्या जनसंपर्क कार्यालयात येऊ लागली. तुंबलेली गटार, बंद पडलेला पथदिवा, कमी दाबाने येणारे पाणी ही विधानसभा सदस्याची कामे नव्हेत, हे खरे. परंतु सकाळी नऊ वाजता दारात उभ्या असलेल्या माणसाला अधिकारांची वाटणी समजावून सांगण्यात काही अर्थ नसतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

त्या काळातल्या एका पावसाळ्यातली ही गोष्ट आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप पहाटेच आला होता. क्युसेकचे आकडे कितीही येवोत, नाशिककर पूर मोजतो तो नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी मारुतीच्या कमरेला लागल्याचे कळले, तेव्हा आम्ही काठच्या गल्ल्यांमधून माणसे हलवायला सुरुवात केली. तिथे नदी समोरून येत नाही. नदीची पातळी चढली की नाल्यांचे आणि गटारींचे पाणी उलटे फिरते आणि मोरीतून घरात शिरते. तो दिवस फोन, शाळेच्या खोल्या उघडून घेणे आणि जेवणाची व्यवस्था यांतच गेला.

माझ्या मनात राहिला आहे तो दुसऱ्या दिवशीचा प्रसंग. पाणी ओसरले होते आणि गल्लीत घोटाभर गाळ होता. आमदार एकेका घरात डोकावत चालले होते आणि मी वहीत नोंदी घेत होतो. एका जुन्या घराची मागची भिंत पोटात फुगून तडकली होती. सत्तरीच्या पुढच्या आजी केरसुणीने उंबऱ्यावरचा गाळ लोटत होत्या. दाराच्या सागवानी चौकटीशेजारी भिंतीवर गेरूच्या चार आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येकीपुढे साल लिहिलेले होते : 1969, 2008, 2016, 2019. सर्वांत वरची रेघ 1969 ची, त्यांच्या सासऱ्यांनी काढलेली. ती माझ्या डोक्याच्याही वर होती. ओल चढून खालच्या रेघांचा गेरू पसरला होता, तरी साले वाचता येत होती.

आमदारांनी धान्याच्या मदतीचे विचारले, तेव्हा आजी म्हणाल्या, "पीठ-तांदूळ लेकी आणून देतील, साहेब. मला ही भिंत बांधायचा कागद द्या."

त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुने अर्ज काढून दाखवले. भिंत आदल्या वर्षापासूनच कललेली होती. एका कार्यालयात त्यांना तोंडी सांगण्यात आले होते की, घर निळ्या पूररेषेच्या आत असल्यामुळे भिंत नव्याने उभारणे हे बांधकाम ठरते आणि त्याला परवानगी नाही. 2008 च्या पुरानंतर नाशिकमध्ये या रेषा आखल्या गेल्या. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होऊ नये, हा नियम मला योग्यच वाटतो. नदीला जागा हवी. पण रेषा आखली जाण्याच्या कितीतरी आधीपासून उभ्या असलेल्या घराने भिंत पडताना नुसते पाहत राहावे काय, याचे उत्तर त्या कागदांत कुठेच नव्हते.

"आमच्या निधीतून खासगी घराची भिंत बांधता येत नाही, आजी," आमदार म्हणाले.

"पैसा मी मागितला का?" आजींनी विचारले.

त्यावर आमदार काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडून टेप मागून घेतली आणि चारही रेघांची उंबऱ्यापासूनची उंची मला वहीत लिहून घ्यायला लावली.

संध्याकाळी आम्ही लक्षवेधी सूचनेचा, म्हणजे तातडीच्या प्रश्नाकडे सभागृहात मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेचा, मसुदा करायला बसलो. विधानसभेच्या नियम 105 खाली ही सूचना देता येते, पण ती द्यायची कोणत्या मंत्र्यांच्या नावे, येथेच आम्ही तासभर अडलो. पूररेषा आखते जलसंपदा खाते, बांधकामाचे नियम नगरविकासाचे, आणि नुकसानीचा पंचनामा करतो तलाठी, म्हणजे महसूल. आजींची भिंत एक आणि तिला लागलेली खाती तीन. प्रत्येक खाते आपापल्या चौकटीत बरोबर होते आणि तरीही बाईच्या हाती काही येत नव्हते. या तिन्ही खात्यांना एकाच जागी उत्तर द्यायला लावू शकेल अशी जागा मला तरी सभागृहाशिवाय दुसरी दिसत नाही, आणि आमदार असण्याचा खरा उपयोग मला त्या रात्री प्रथमच इतका स्पष्ट दिसला.

सूचना नगरविकास मंत्र्यांच्या नावे केली. ती थोडक्यात असावी लागते, म्हणून मी रेघांची मापे आणि वर्णन वगळले आणि "पूरबाधित बांधकामे" असा शब्द घातला. आमदारांनी तो खोडून त्याजागी स्वतःच्या हाताने लिहिले : "जुन्या घरांच्या पडलेल्या भिंती."

सूचना मान्य झाली, कामकाजाच्या यादीतही आली, पण सभागृहात ती पुकारली जाण्याआधीच दिवसाचे कामकाज संपले. चर्चा झाली असती तर उपप्रश्न विचारता आले असते, ही रुखरुख मला अजून आहे. हाती आले ते खात्याचे छापील निवेदन. त्यात नियम सांगितले होते आणि दुरुस्तीबाबत तपासणी करण्यात येईल असे म्हटले होते. त्या एका वाक्याच्या आधारावर आमदारांनी तिन्ही खात्यांच्या एकत्रित बैठकीसाठी पत्र दिले. त्या पत्राचा पाठपुरावा मी आजही करतो आहे.

निवेदनाची प्रत घेऊन मी आजींकडे गेलो. भिंतीला लाकडी टेकू दिलेले होते. नव्या पुराची रेघ त्यांनी काढली नव्हती. भिंत बांधून झाल्यावरच काढीन, म्हणाल्या. त्यांनी मला सगळे मोठ्याने वाचायला सांगितले आणि वाचून झाल्यावर विचारले, "यात माझी भिंत कुठं आहे, भाऊ?"

मी पहिल्या पानावरची सूचना काढली आणि "जुन्या घरांच्या पडलेल्या भिंती" या शब्दांवर बोट ठेवले. आजींनी चष्मा लावून ती ओळ स्वतः वाचली, कागदाची घडी घातली आणि तो जुन्या अर्जांच्या पिशवीत सर्वांत वर ठेवला.