नावडातोलीचे सात दिवस

नर्मदा परिक्रमेला निघाले होते, पायी. पाय दुखायला लागला ओंकारेश्वर सोडल्यावर तिसऱ्या दिवशी, आणि मी ते कबूल केलं पाचव्या दिवशी. मधले दोन दिवस नुसतं दामटून चालले. उजव्या पायाला घोट्याच्या जरा वर, पुढच्या बाजूला, बुटाची लेस जिथे बसते ना तिथे आधी नुसतं हुळहुळत होतं, मग सूज आली, आणि मग पंजा वर-खाली केला की आत करकर लागायला लागलं, बोट ठेवलं तर बोटाला जाणवायचं. नर्मदे हर म्हणत पुढे, आज पंचवीस किलोमीटर झाले पाहिजेत, उद्या पण पंचवीस. पुण्यात सहा महिने रोज पर्वती चढून तयारी केलेली त्यामुळे मला वाटायचं आपला पाय ऐकेल.

या घाईत काय काय निसटलं त्याचं आता वाईट वाटतं. बकावांला घरोघरी शिवलिंगं घडवतात, तिथे थांबलेच नाही. रावेरखेडीला बाजीरावांची समाधी आहे, २८ एप्रिल १७४० ला ते तिथेच नर्मदेकाठी गेले, लहानपणापासून ऐकलेलं ठिकाण, आणि मी तिथे किती वेळ बसले तर फोटो काढण्यापुरती, कारण संध्याकाळच्या आत पुढचं गाव गाठायचं होतं.

नावडातोलीला पोचले तेव्हा पाय टेकवत नव्हता. माझ्यासोबत नाशिकचे दोन काका होते, ते म्हणाले आम्ही थांबतो, मी म्हटलं नको काका तुम्ही पुढे व्हा. ते निघाले तेव्हा मी हसून हात केला आणि मग आश्रमाच्या मागे जाऊन रडले. खरंच रडले. घरी फोन केला तर नवरा म्हणाला, "परत ये, पुढच्या वर्षी जा." त्याची काळजी बरोबर होती पण तो शब्द ऐकवेना.

आणि समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर काय, तर महेश्वर! अगदी नाकासमोर. अहिल्याबाईंचा किल्ला, घाट, संध्याकाळी लागणारे दिवे, घंटांचा आवाज पाण्यावरून येतो. नाव सारखी इकडून तिकडे जाते, दहा-एक मिनिटांचं काम. पण परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, ओलांडायची नाही, ती कायम उजव्या हाताला ठेवायची. म्हणजे मला त्या घाटावर जायचं तर आधी पश्चिमेला समुद्रापर्यंत चालायचं, तिथून नावेने पलीकडे मिठी तलाईला उतरायचं, मग भरूचवरून उत्तर तटाने परत इतकं अंतर वर यायचं. लंगडत्या पायाने त्या घाटाकडे बघत बसणं काय असतं ते मी शब्दात नाही सांगू शकत.

पहिल्या रात्री माझ्या डोक्यात एकच भुंगा, डॉक्टर पलीकडे असेल तर काय करायचं. आश्रमातल्या बाबाजींना विचारलं तर ते म्हणाले, "मैयाजी, कसरावद तो इसी किनारे पे है, सुबह मोटरसाइकिल से भेज देंगे." मग माझा दुसरा प्रश्न, गाडीवर बसले तर परिक्रमा खंडित नाही का होणार? "मैया पार की क्या? नहीं ना? फिर वापस यहीं आना, यहीं से उठाना." त्यावर वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात हे मला माहितीये, पण मला त्यांचं पटलं आणि अजूनही पटतं.

एक्स-रे क्लिअर आला. डॉक्टर म्हणाले हाड नाही, पंजा वर उचलणारी जी शीर असते, टेंडन, तिला सूज आहे. डांबरी रस्त्यावर रोज इतकं चालणं, पाठीवर नऊ किलो आणि वरून लेस करकचून आवळलेली. आठवडाभर चालणं बंद, बर्फ लावा, पाय उंच ठेवा, चोळू नका. आणि एक गोष्ट नीट समजावली ती लिहून ठेवते, कारण चालणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवी: हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर जीव जात असेल, किंवा निजल्यावरही ठणकत असेल तर परत या, कारण हाडाला बारीक चीर असेल तर ती सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रेत दिसत नाही कधी कधी. पुढे शूलपाणीची झाडी आहे, सातपुड्याचे चढउतार, तिथे पाय गेला तर उचलून आणायची वेळ येईल, हेही त्यांनी सांगितलं.

बर्फ कुठला, किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये पाण्याची बाटली गोठवून ठेवायला सांगितली आणि ती गमछात गुंडाळून पायावर. शेजारच्या एक आजी रोज संध्याकाळी गरम हळद-तेल घेऊन यायच्या. मी म्हटलं, "अम्मा, मलना नहीं है." त्यांना ते आवडलं नाही, पण मग नुसता लेप लावायच्या, पिसासारख्या हाताने, आणि लावताना काहीतरी पुटपुटायच्या.

तिसऱ्या दिवसापर्यंत दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटायला लागली. सकाळी बालभोग, दुपारी टिक्कड-डाळ, सगळं आयतं, आणि मी चालत पण नाही. परिक्रमावासी म्हणून जेवू घालतात, मग मी आता नक्की कोण? बाबाजींना म्हटलं काहीतरी काम द्या, तर आधी मेथी निवडायला दिली आणि मग शिक्का आणि रजिस्टरच माझ्याकडे दिलं. दुपारपासून परकम्मावासी यायला लागायचे, बाबाजी आतून ओरडायचे "कितनी मूर्ति?" म्हणजे माणसं किती, आणि मी मोजून सांगायची, चार मूर्ति, सात मूर्ति. मग त्यांच्या वह्यांवर शिक्का, तारीख. प्रत्येकाचा पाय दिसायचा. कुणाचे फोड, कुणाचं नख काळं झालेलं, एका तरुण मुलाची लेस माझ्यासारखीच आवळलेली, त्याला तिथेच बसवून सैल करायला लावली, वरची दोन भोकं सोडून बांध म्हटलं.

त्यात एक वयस्कर मैयाजी होत्या, एकट्या, जुन्या पद्धतीने करत होत्या, तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांची. मी त्यांना विचारलं, इतके दिवस कसे काय, तर म्हणाल्या चातुर्मासात एका जागी चार महिने बसतो ना. आषाढी ते कार्तिकी पाऊल नाही उचलायचं. "चार महीने बैठना भी परकम्मा है बेटा." आता मला नियम माहितीच होता, निघायच्या आधी सगळं वाचलेलं, म्हणून तर मी कार्तिकी झाल्यावर निघाले. पण वाचताना तो मला फक्त कॅलेंडरचा भाग वाटला होता, कधी निघायचं एवढंच बघितलं. ज्या चालण्यात थांबणं आधीपासूनच मोजलेलं आहे तिथे मी सात दिवसांसाठी रडत होते. त्या रात्री झोप लागली, मधे एकदाही जाग न येता.

नंतरचे दिवस भराभर गेले. गावामागच्या टेकाडाजवळ काठी टेकत जाऊन आले. पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचं विद्यापीठ, सांकलियांसारखे पुरातत्त्वज्ञ, यांनी १९५० च्या दशकात इथे खोदकाम केलं होतं, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, रंगवलेली मडकी, गव्हाचे दाणे सापडले. डेक्कन कॉलेजच्या गेटवरून मी किती वर्षं बसने गेलेय. धावत निघाले असते तर हे टेकाड मला ठाऊकही झालं नसतं. बराच वेळ बसले तिथे, पाय समोर पसरून.

आठव्या दिवशी सूज उतरलेली, करकर बंद. ठरवलं पाचच किलोमीटर, दुखलं तर तिथेच आसन, म्हणजे मुक्काम. सॅकमधून दोन किलो सामान काढून आश्रमात ठेवलं, कुणाला लागेल त्याला द्या म्हणून. घाटावर जाऊन पाणी आधी कपाळाला लावलं आणि मग पाय पाण्यात घातले, आजींच्या पाया पडले, निघाले. पन्नास पावलं गेले असेन तर मागून बाबाजींची हाक. इतके दिवस सगळ्यांच्या वह्यांवर शिक्के मारले आणि माझी वही तशीच कोरी. ते स्वतः शिक्का घेऊन रस्त्यावर आले, माझ्या पाठीवर वही टेकवून मारला. तारीख कोणती घालू म्हणाले, आल्याची की निघाल्याची. मी म्हटलं दोन्ही घाला.