दोन पडदे, एक सिग्नल

"टीव्हीवरची अक्षरं आज अशी फिकी का दिसतायत?" बाबांनी विचारलं.

लॅपटॉपचं एकच एचडीएमआय पोर्ट, पुढे एकच सिग्नल दोन पडद्यांना वाटून देणारा स्प्लिटर, आणि मॉनिटर-टीव्ही दोन्ही सुरू. मला तेवढ्यानेच आनंद झाला होता. बाबांची नजर मात्र नेमकी अक्षरांवर गेली.

त्यांचं बरोबर होतं. टीव्ही फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे चित्राचे ठिपके), मॉनिटर १९२० बाय १०८०चा. प्रत्येक पडदा जोडला की तो लॅपटॉपला आपली क्षमता कळवतो: पिक्सेल किती, रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा ताजं होतं) किती, आवाज कोणता. ही माहिती म्हणजे ईडीआयडी. पण पोर्टमधून सिग्नल निघतो एकच. म्हणून बरेच स्प्लिटर दोघांनाही झेपेल तेवढंच लॅपटॉपकडे मागतात. चौपट पिक्सेल असलेला टीव्ही मग मॉनिटरच्या मापाचं चित्र ताणून दाखवत बसतो.

डाउनस्केलिंग करणारा स्प्लिटर असेल तर टीव्हीला फोर-के जातं आणि मॉनिटरपुरतं चित्र लहान होतं. उपाय आहे, साधाच आहे. पण स्प्लिटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त 'फोर-के' असतं. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसेल, वेगवेगळं हवं असेल तर लॅपटॉपमधूनच दुसरं आउटपुट लागेल, हेही सहसा सांगत नाहीत. आणि बिनसर्किटची नुसती वाय आकाराची केबल, जी या कामाला चालतच नाही, तीसुद्धा शेजारीच विकायला असते!

बाबांसारख्या माणसाने ईडीआयडी वाचून मग खरेदीला जायचं का? "दोन पडदे वेगळ्या क्षमतेचे असतील तर काय होईल" एवढी एक ओळ खोक्यावर छापायला काय हरकत आहे?