गरीवरची कुर्ली

परवा दुपारी रत्नागिरीच्या मांडवी जेटीवर एक कॉलेजात जाणारा मुलगा गरीला, म्हणजे मासे धरायच्या गळाला, लागून तंगुसात, म्हणजे नायलॉनच्या दोरीत, थर्माकोलचा छोटा मणी ओवताना दिसला आणि मी जाता जाता थांबलो. हे कशासाठी, असे विचारण्याची गरजच नव्हती. किनाऱ्यावर उभा राहून गरवणाऱ्या माणसाने असला काही उद्योग मांडला असेल, तर तो आमिष कातरून नेणाऱ्या कुर्ल्यांना, म्हणजे खेकड्यांना, चकवण्यासाठीच असतो. आमिष तळाला टेकू द्यायचे नाही, वीतभर वर तरंगत ठेवायचे, म्हणजे खालून फिरणाऱ्या कुर्लीला ते सापडणार नाही, असा त्यामागचा हिशेब. हिशेब चांगला आहे, फक्त तो कुर्लीला विचारून केलेला नाही.

आपल्या वाळूच्या किनाऱ्याला पाठीवर तीन तांबूस ठिपके असलेली जी कुर्ली सापडते, तिचे मागचे दोन पाय वल्ह्यांसारखे चपटे असतात. ती चालते तशीच पोहतेही, आणि तेही झोकात. दिवसा अंग वाळूत पुरून, फक्त डोळे आणि मिशा बाहेर ठेवून ती बसलेली असते. त्या आखूड मिशा सारख्या हलवून पाण्यातला वास घेत असते. कोळंबीचा रस पाण्यात उतरला की प्रवाहाच्या खालच्या अंगाला बसलेल्या कुर्ल्यांना वर्दी गेलीच म्हणून समजावे. मग वीतभर वर तरंगणारे आमिष ही काही मोठी अडचण राहत नाही. त्यातून कुर्लीची खाण्याची पद्धत अशी, की एका डेंग्याने, म्हणजे नांगीने, घास धरायचा आणि दुसऱ्याने कातरून तो तोंडाकडे न्यायचा. मासा आमिष गिळतो म्हणून गरीला लागतो. कुर्ली गिळतच नाही, त्यामुळे गरीची आणि तिची गाठ सहसा पडत नाही.

माझ्या लहानपणी मामाकडे काठी नव्हती, आणि तो काठीवाल्यांना मनातून हसतही असे. लाकडाच्या फळकुटावर गुंडाळलेला तंगूस, वजनाला शिशाऐवजी गॅरेजमधून मागून आणलेला जुना स्पार्क प्लग आणि त्याच्या वर हातभर अंतराने दोन गऱ्या, एवढाच त्याचा सरंजाम. तंगूस तर्जनीवरून घेऊन तो तासन्‌तास बसायचा आणि खाली काय चालले आहे ते बोटाने वाचायचा. मुडदुशी हा मासा लागला तर टक्‌ टक्‌ असे दोन स्पष्ट ठोके येत. कुर्लीचे तसे नसे. तंगूस नुसता जड होई, कोणी ओला पंचा गरीला अडकवून सावकाश ओढत असल्यासारखा. मी घाईने हिसका द्यायला जाई तेव्हा तो म्हणे, "अरे, तिला घाई नाही. घाई आपल्याला आहे."

कुर्लीला हरवण्याचे त्याचे उपाय मात्र घरातल्या शांततेवर बेतणारे असत. कोळंबी मऊ पडते म्हणून आदल्या रात्री ती सोलून मिठात घालून ठेवायची, आणि त्यासाठी बरणी घ्यायची ती नेमकी मामीची लोणच्याची. सकाळी ती कोळंबी घट्ट, चिवट झालेली असे. तरीही समाधान झाले नाही तर शिवणाच्या डब्यातला इलॅस्टिकचा बारीक दोरा काढून तो तिच्याभोवती असा गच्च गुंडाळायचा, की कोळंबीचा नुसता गठ्ठा दिसावा. माकूल, म्हणजे स्क्विड, मिळाले तर प्रश्नच मिटला, कारण माकुलाची पट्टी कातरता कातरता कुर्लीलाही वेळ लागतो.

पण इथेच या सगळ्या विद्येची खरी मेख आहे. मुडदुशीचे तोंड लहान आणि आवड नाजूक. वाळूतले किडे आणि बारीकसारीक कोळंबी टिपून खाणारा तो मासा दोऱ्याने आवळलेल्या, खारवलेल्या गाठोड्याकडे ढुंकून बघत नाही. कुर्लीपासून वाचवलेले आमिष माशापासूनही वाचते. शेंगटी तेवढी काहीही गिळते, परंतु शेंगटीसाठी मामीची बरणी पणाला लावावी असे कोणी म्हणणार नाही. म्हणून मला स्वतःला ताजी, उघडी कोळंबीच लावायला आवडते, आणि ती दर थोड्या वेळाने वर काढून पाहायची, शिसे एका जागी न ठेवता वाळूवरून हळूहळू आपल्याकडे सरकवत राहायचे, हा कष्टाचाच मार्ग बरा वाटतो. वेळही पाहावी लागते. तिथीला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते, चतुर्थीला ३ आणि अष्टमीला ६. त्या सुमारास पाणी थांबले की कुर्ल्यांचे फावते, आणि ओढ जोरात असली की त्यांनाही पाय रोवून बसावे लागते.

मामीचे या विषयावरचे मत अगदी वेगळे होते. बाजारात पैसे मोजून आणायची ती कुर्ली आपण होऊन हातात येते आहे, तर हे लोक तिला हाकलतात कशाला, हे तिला कधी पटले नाही. तिचे म्हणणे रास्तच होते; पण गरीला चिकटलेली कुर्ली पाण्याबाहेर अंग निघायच्या क्षणी आमिष सोडून देते आणि तिरकी तिरकी खाली जाते, हे तिला कोण सांगणार. पाठीवर क्रुसाची खूण असलेली एक जात आपल्याकडे सापडते. १५४६ साली मोलुक्का बेटांकडे वादळात समुद्रात पडलेला सेंट फ्रान्सिस झेवियरचा क्रूस एका कुर्लीने डेंग्यात धरून किनाऱ्यावर आणून दिला, म्हणून ती खूण, अशी आख्यायिका आहे. डेंग्यात आलेली वस्तू कुर्लीने परत आणून दिली, एवढ्यावरच गरवणारा माणूस तो चमत्कार मान्य करील.

मामाचा शेवटचा सिद्धान्त असा होता, की कुर्ल्या त्रास देतात तोवर बसून राहावे आणि त्या थांबल्या की सावध व्हावे. गोबरा किंवा तांबोशी कुर्ल्या खाते. असा मासा जवळ आला की कुर्ल्या वाळूत दडतात आणि आमिष शाबूत वर येते. हे त्याने मला इतक्या खात्रीने सांगितले होते, की अजूनही कोळंबी जशीच्या तशी वर आली की माझी छाती धडधडते. मात्र आमिष शाबूत वर येण्याचे दुसरेही एक कारण असू शकते, ते म्हणजे खाली कुर्लीही नाही आणि मासाही नाही. अलीकडे कोळंबी बरेचदा शाबूत येते. दोन्हींतले कारण कोणते, हे बोटाला कळत नाही, आणि कोळंबीचा भाव पाहता तीच कोळंबी मी पुन्हा पाण्यात टाकतो.