अल्बममधल्या पाटल्या

डिव्होर्सला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या मीटिंगला विचारतो, 'मॅडम, अर्धं-अर्धं ना?' सिनेमे बघून येतात. हिंदू विवाह कायद्यात असं काही नाहीये. कलम २७ आहे, पण ते लग्नात किंवा लग्नाच्या आसपास दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंपुरतं, म्हणजे कपाट-भांडी वगैरे. नंतर घेतलेलं घर ज्याच्या नावावर त्याचं, दुसऱ्याने पैसे घातलेत म्हटलं की तो सिद्ध करत बसतो. स्त्रीधन, म्हणजे बायकोला मिळालेले दागिने वगैरे, मात्र फक्त तिचं, हे सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच प्रतिभा राणी केसमध्ये सांगितलंय.

ही केस नवऱ्याच्या बाजूने माझ्याकडे होती (ओळख पटेल असं सगळं बदललंय). फ्लॅट त्याच्या नावावर, लोन त्याचं, ईएमआय त्याच्या खात्यातून. ती म्हणत होती की डाऊन पेमेंट माझे तोडे-पाटल्या विकून केलं. बिल? नाही. बायका बिलं ठेवत नाहीत आणि आपण नंतर त्यांनाच विचारतो, बिल कुठंय.

तिचा वकील लग्नाचा अल्बम घेऊन आला. कोर्टाच्या पॅसेजमध्ये मोबाईलने फोटो काढून, झूम करून पाटल्या मोजत बसलेला. मी म्हटलं, अंगावर होत्या एवढंच कळतं यातून, पुढे गेल्या कुठे ते नाही कळत. स्वतःवरच खूश झाले तेव्हा.

मग सेटलमेंटची बोलणी निघाली तशी मी लोनची फाईल मागवली. ही फाईल कोणी बघतच नाही, वकीलसुद्धा. कोर्टात घर कोणाच्याही वाट्याला येवो, बँकेचा कर्जदार तोच राहतो, म्हणून मी आपली बघते. तर आत मार्जिन मनी, म्हणजे तेच डाऊन पेमेंट, कुठून आणली याचा खुलासा म्हणून माझ्याच अशिलाचं सहीचं पत्र: 'पत्नीचे दागिने तिच्या संमतीने विकून'. मागे सराफाची पावती पिन केलेली, वजनासकट.

आणि आमच्या जबाबात लिहिलेलं होतं, 'स्वतःच्या बचतीतून'. ते वाक्य मीच टाईप करून घेतलेलं.

त्याला विचारलं तर म्हणे, अहो मॅडम, बँकेला काहीतरी लिहावंच लागतं ना. मी म्हटलं, पावतीपण काहीतरीच आहे का?

अशिलाचा कागद मी समोरच्यांना देऊ शकत नाही, पण 'बचत' हे त्याला शपथेवर बोलायलाही लावू शकत नाही. सरळ सांगितलं, जबाब दुरुस्त करा नाहीतर दुसरा वकील बघा. पंधरा दिवस फोन नाही. मग आला. सोनं देतो म्हणाला, पण त्या वेळच्या भावाने. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सांगितलंय की अडचणीत नवऱ्याने स्त्रीधन वापरलं तरी ते परत करणं त्याचं नैतिक कर्तव्य आहे, तो निकाल त्याच्यापुढे ठेवला, तरी भावावरच दोन मीटिंगा गेल्या. शेवटी कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या सहीच्या तडजोडीत, वजन लिहिलं, रुपये नाही. फ्लॅट आणि लोन त्याच्याकडेच.

पत्राचं तिला आजही माहीत नाही. तिचा वकील ज्युनियर पोरांना अल्बम झूम करून केस कशी फिरवली ते सांगत असतो. परवा मी शेजारच्याच बाकावर बसून ऐकत होते.