सुगी झाडाच्या ॲलर्जीवरची गोळी हवी असेल तर जूनमध्येच मागे लागा

तोक्योतल्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. सुगी म्हणजे जपानी देवदार, आपला सुगीचा हंगाम नव्हे. या झाडाच्या परागांच्या ॲलर्जीवर मुळाशी जाणारी गोळी इथे २०१८ पासून मिळते. सरकारी विम्यात बसते, आपल्याला तीस टक्केच भरावे लागतात. पण ती सुरू करून घेताना माझा अख्खा हंगाम फुकट गेला.

रक्ताची तपासणी चटकन झाली. सुगीच्या ॲलर्जीचा वर्ग ५ आला, सर्वांत वरचा ६ असतो. फेब्रुवारीचा मध्य होता. डोळे इतके खाजायचे की ऑफिसात स्क्रीनकडे बघवत नव्हतं. मी डॉक्टरांना म्हटलं, गोळी आजपासूनच द्या. ते म्हणाले, आता नाही, जूनमध्ये या.

त्यामागचं कारण खरं आहे. या गोळीत सुगीचेच परागघटक असतात. रोज थोडे थोडे देऊन शरीराला त्यांची सवय लावायची. हवेत पराग भरलेले असताना शरीर आधीच चिडलेलं असतं, त्यात ही सुरुवात केली तर रिॲक्शनचा धोका वाढतो. म्हणून हंगामात कोणीही सुरू करून देत नाही. हे मला पटलं. नाकातला स्प्रे आणि सुस्ती न आणणारी ॲलर्जीची साधी गोळी घेऊन मी मे महिना गाठला.

जूनमध्ये त्याच दवाखान्यात गेले, तर काउंटरवर हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला: गोळीचा पुरवठा कमी असल्यामुळे नवीन रुग्ण सध्या घेत नाही. काउंटरवरच्या बाईंना विचारलं, फेब्रुवारीत यादीत नाव घातलं असतं तर? त्या म्हणाल्या, आम्ही यादी ठेवत नाही. मग कधी येऊ? सांगता येत नाही. दुसऱ्या दवाखान्याला फोन केला, तिथे या उपचाराचे डॉक्टरच नव्हते. ही गोळी लिहून द्यायला वेगळं प्रशिक्षण लागतं. तिसरीकडे सांगितलं, आधीपासून घेणाऱ्यांनाच पुरवतोय. अडचण सुरुवातीच्या कमी ताकदीच्या गोळीची होती. पहिला आठवडा तीच लागते, त्यानंतर मोठी. जुन्या रुग्णांचा डोस तुटू नये हे बरोबरच आहे. पण फेब्रुवारीत जूनला या म्हणून सांगणाऱ्यांनी जूनमध्ये काय होऊ शकतं, हे एका वाक्यात सांगायला हवं होतं. दर आठवड्याला फोन करून तेच उत्तर ऐकताना मला रडू यायचं. नोव्हेंबर उलटला की पुढचा हंगाम जवळ आल्यामुळे दार पुन्हा बंद, हे डोक्यात घोळत असायचं.

आणि हा आजार चार-दोन माणसांचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर उघडे पडलेले डोंगर सरकारनेच इमारती लाकडासाठी सुगी आणि हिनोकी या झाडांनी भरले. पुढे परदेशी लाकूड स्वस्त झालं, झाडं तोडायची राहिली आणि मोठी होऊन पराग सोडायला लागली. निक्को शहरातल्या रुग्णांवरून या आजाराची नोंद १९६४ साली झाली. २०१९ मध्ये कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि त्यांच्या घरच्यांची देशभर पाहणी झाली, त्यात जवळजवळ ३९ टक्के लोकांना सुगीचा त्रास निघाला. २०२३ मध्ये सरकारने सुगीची लागवड दहा वर्षांत सुमारे वीस टक्के कमी करायचं आणि तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणायचे ठरवलं. गोळीचं उत्पादन वाढवायचंही त्याच आराखड्यात आहे. तोयामा प्रांतात १९९२ साली पराग न धरणारं सुगीचं झाड सापडलं, तशी रोपं आता लावतात. हे वाचून मला खरंच बरं वाटलं, पण झाड वाढायला वेळ लागतो.

शेवटी रेल्वेने थोडं लांब असलेल्या एका दवाखान्याने यादीत नाव घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये बोलावलं. पहिली गोळी डॉक्टरांसमोर जिभेखाली ठेवली. एक मिनिट तशीच धरायची, मग गिळायची, त्यानंतर पाच मिनिटं पाणीसुद्धा नाही. अर्धा तास तिथेच बसवतात. जिभेखाली मुंग्या आल्या, कानात आत कुठेतरी खाज सुटली आणि घरी पोचेपर्यंत गेलीही. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला बहुतेकांना असं होतं.

गोळीच्या आधी आणि नंतर दोन तास व्यायाम, दारू आणि गरम पाण्यात डुंबणं टाळा. मी सकाळी उठल्याबरोबर घेते, म्हणजे हे सगळं आपोआप जमतं. पुण्याला सुट्टीवर जाताना पुरतील एवढ्या गोळ्या आधीच लिहून घ्या, कारण तिथे ही मिळत नाही. आणि हो, तपासणी आधीच करून ठेवा. बाळंतपणाचा विचार असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात नव्याने सुरू करत नाहीत.

तीन वर्षं तरी घ्यावी लागते. माझा पहिला वसंत बराच सुसह्य गेला, मार्चमध्ये मी खिडकी उघडून झोपले. एप्रिलमध्ये मात्र हिनोकीच्या परागांनी गाठलंच. त्यावर वेगळी गोळी अजून नाही, म्हणून तेवढ्यापुरता नाकातला स्प्रे चालू ठेवला आहे.