आधी हिशेब, मग आवाहन: धर्मग्रामातील दान-मोहिमेचा माझा अनुभव

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक भाविकांच्या समुदायात, ख्रिस्ती कारभारीपणाची (आपल्याजवळचे सारे देवाची ठेव मानून त्यातला वाटा चर्चच्या कामी देण्याची) मोहीम राबवायचे ठरले तेव्हा तिच्या समितीत मलाही घेण्यात आले. काम पार पडून बराच काळ लोटला, तरी त्यातल्या एका टप्प्याचा राग अजून पुरता ओसरलेला नाही. वेळ, कौशल्य आणि धन या तिन्हींसाठी संकल्पपत्रे (आपण काय देणार हे लिहून द्यायची पत्रे) छापणे, रविवार निश्चित करणे, मिस्सेत, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, बोलण्यासाठी माणसे निवडणे, हे सारे सुरळीत झाले. घोडे अडले ते हिशेबाच्या एका पानापाशी.

आमची मागणी साधी होती. लोकांकडे नव्याने मागण्यापूर्वी गेल्या वर्षी त्यांनी जे दिले त्याचे काय झाले, हे एका पानावर मांडून चर्चच्या दाराशी लावावे. कार्यालयातून प्रथम उत्तर आले की हिशेबतपासणी व्हायची आहे. तपासणी झाली तेव्हा अर्थसमितीची बैठक व्हायची होती. आणि बैठक झाली तेव्हा हा विषय कार्यक्रमपत्रिकेवरच नव्हता. शेवटी खरे कारण बाहेर पडले: आकडे लावले की लोक प्रश्न विचारतील. लोकांनी पाकीट भरून द्यावे, पण तोंड उघडू नये, ही अपेक्षा कोणत्या शास्त्रात बसते हे मला अद्याप उमगलेले नाही.

शास्त्र पाहायचेच, तर १९८३ च्या कॅनन कायदासंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, ते स्वच्छ लिहिलेले आहे; तिच्यातल्या प्रत्येक कलमाला कॅनन म्हणतात. चर्चच्या गरजा भागवणे हे भाविकांचे कर्तव्य आहे, असे सांगणारा कॅनन २२२ आमच्या कार्यालयात सर्वांना तोंडपाठ होता. कॅनन १२८७ मात्र कोणी उघडलेला दिसला नाही. त्याच्या पहिल्या भागानुसार वार्षिक हिशेब धर्मप्रांताकडे, म्हणजे बिशपांकडे, जातो, आणि दुसऱ्या भागानुसार भाविकांनी जे अर्पण केले त्याचा हिशेब, स्थानिक नियमांप्रमाणे, भाविकांनाही द्यायचा असतो. अर्थसमिती सल्लागार असते, निर्णय प्रमुख धर्मगुरूंचा. म्हणून मी हे कलम थेट त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारले की बिशपांना जे दाखवता येते ते देणाऱ्यांना दाखवण्यात अडचण कोणती. फादरांनी होकार दिला, पण कार्यालयाने आमच्या हाती ठेवली ती खातेवहीची जाडजूड छायाप्रत, आणि तिच्यात सर्वांत मोठी रक्कम ‘इतर खर्च’ या नावाखाली! ते ‘इतर’ फोडताना छपरासाठी म्हणून दिलेल्या देणग्या सर्वसाधारण खात्यात मिसळल्याचे दिसले. विशिष्ट कामासाठी दिलेले दान त्याच कामी लावले पाहिजे, हे कॅनन १२६७ सांगतो. ती रक्कम वेगळी काढून दाखवल्यावरच पान लागले. प्रश्न आले, पण बहुतेक वीजबिलाविषयीचे होते. खातेवहीतली वाक्ये न उचलता ‘वीज’, ‘डागडुजी’, ‘गरजूंना मदत’ अशा शब्दांत पान लिहिल्याचा मला सार्थ अभिमान आहे.

ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी हिशेबाची मागणी पहिल्याच बैठकीत लेखी नोंदवून घ्यावी. छपाई नंतरही होते. आवाहन धर्मगुरूंनी करण्यापेक्षा एखाद्या सामान्य कुटुंबाने करावे, आणि त्यांनी आपण किती देतो हे न सांगता का देतो एवढेच सांगावे. प्रवचनात गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन नाण्यांची बायबलमधली गोष्ट येणारच. पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायात त्याच्या लगेच आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने कोरडे ओढले आहेत, तेवढा भाग वगळून वाचू नये. देणाऱ्यांच्या नावांची यादी मुळीच लावू नये. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे पौलाचे वचन पत्रकावर छापायचे आणि खाली रकमांची उतरंड लावायची, हे एकमेकांशी जुळत नाही. संकल्पपत्र मिस्सेतच, बाकावर बसल्या बसल्या भरून घ्यावे, कारण घरी गेलेले पत्र क्वचितच परत येते.

आणखी एक सांगायचे राहिले. संकल्पपत्रावर धनाचा रकाना सर्वांत शेवटी ठेवावा आणि वेळ किंवा कौशल्य देऊ करणाऱ्यांना लगेच फोन करावा. हिशेब लिहिण्याची, वायरिंग तपासण्याची तयारी दाखवणाऱ्याला महिनोन्‌महिने कोणी विचारले नाही, तर पुढच्या वर्षी तो पाकीटही देत नाही. भरलेली संकल्पपत्रे कार्यालयाच्या कपाटात ठेवावीत अशी सूचना आमच्याकडे आली होती. ती मी मंजूर होऊ दिली नाही.